नवी लेन्स, तेवढाच उजेड

...अन् वरतून अश्विन मले म्हनते का, काका, ही जुन्या लेन्सपेक्षा हलकी आहे! आता तुम्हीच सांगा, हलकी आहे तं पैसे कमी घ्यायले पाह्यजे का जास्त? माही पिठाची चक्की आहे, इथं सिंदी मेघेत, अश्विनच्या घराले भिंत लागून. कोनी दळन कमी आनलं तं मी पैसे कमी घेतो. अन् हे कंपनीवाले पाहा, माल कमी केला, भाव वाढवला, अन् आमचं पोट्टं त्याले 'रीडिझाइन' म्हनून राह्यलं. जोरात बोलतो मी, रागावू नोका, चक्कीवाल्याची सवय आहे. पट्टा बंद असला तरी माहा आवाज काही खाली येत नाई.

तं हा अश्विन म्हनजे हरिदासजीचा पोरगा. फोटोग्राफर. लगनाचे फोटू काढते. पोरगं गुनाचं, बिडी नाई, खर्रा नाई, कोनाच्या अध्यात नाई मध्यात नाई. स्टुडिओ म्हनजे काय, तं घराची समोरची खोली. त्याच खोलीत हरिदासजीची खाट. पासपोर्ट फोटू काढाले कोनी आलं का आधी हरिदासजीले उठवा लागते, नाई उठले तं गिऱ्हाईकाच्या खांद्यामागून त्यांचा पाय दिसते. एकदा एका मास्तरचा फॉर्म त्याच पायापायी वापस आलता म्हनतात. खरं खोटं मले मालूम नाई, पन हरिदासजी तेव्हापासून मोजे घालून झोपतात.

त्याची बायको पौर्णिमा. अल्बम सारा तिच्या हातचा. कॉम्प्युटरवर बसली का उठत नाई पोरगी. तिचं म्हननं एकच, मेन रोडवर एक गाळा भाड्यानं घेऊ, म्हनजे सासऱ्याले सुखानं झोपता येईन अन् गिऱ्हाईकालेबी रस्त्यावरून पाटी दिसन. त्याच्यासाठी दोघाईनं पैसे बाजूले ठेवले होते. गाळाबी पाहून ठेवलता. आता त्या गाळ्यात मोमोजवाला बसते. काऊन? लेन्स आली ना घरात!

आता लेन्स म्हनजे काय, तं काच. बरं, त्याच्याजवळ नव्हती असं नाई. होती. पंच्याऐंशी एमएमची, चेहरे काढाची, वन पॉइंट फोर. मलेबी हे त्यानंच शिकवलं, मी काही मायच्या पोटातून शिकून नाई आलो. वन पॉइंट फोर म्हनजे तिचं भोक मोठं, उजेड लय आत घेते, अंधाऱ्या मांडवातबी फोटू येते, अन् पूर्न उघडली का मानूस साफ दिसते अन् मागचं सारं धुकट. चांगली होती. मंग कंपनीनं काय केलं, तीच लेन्स पुन्हा नव्यानं बनवली. पंच्याऐंशीच. वन पॉइंट फोरच. अन् भाव जवळपास दुप्पट! मी म्हटलं, अबे अश्विन, मंग ही उजेड जास्त घेत असन? म्हने नाई काका, तेवढाच. भोक मोठं आहे? म्हने नाई, तेवढंच. लांबचं दिसते? म्हने नाई. मंग जास्तीचे पैसे कायचे रे बाबू? तं म्हने, कोपरे साफ येतात. आता लगनाच्या फोटूत कोपऱ्यात कोन राह्यते, तुम्हीच सांगा. प्लास्टिकच्या खुर्च्या राह्यतात, नाई तं कोनाचं तरी रडकं पोट्टं राह्यते. त्या खुर्च्या साफ दिसाव्या म्हनून यानं बायकोचा गाळा घालवला!

काच चांगली आहे, हं. काचेले आपन नाव ठेवतच नाई. आधीच सांगून ठेवतो, नाई तं म्हनान का चक्कीवाल्याले काय समजते.

अन् हे वेड त्याले लागलं कुठून? मोबाइलवरून. एक गोरा मानूस आहे, तो नवी लेन्स घेते अन् विटांच्या भिंतीचे फोटू काढते. बस. दुसरं कामच नाई त्याले. जुन्या लेन्सनं भिंत, नव्या लेन्सनं भिंत, मंग दोन्ही भिंती शेजारी शेजारी ठेवून मोठ्या मोठ्या करून दाखवते. अन् हा अश्विन जेवता जेवता ते पाहून राह्यला, वरनात बोट बुडालं तरी पत्ता नाई. पौर्णिमा मले म्हने, "काका, याईले विटाच पाहाच्या असन तं कोनाच्या बांधकामावर कामाले लावून द्या, रोजी तं भेटन." एक दिवस पाहातो तं काय, हा माह्या चक्कीच्या भिंतीसमोर उभा! म्हने काका, तुमच्या भिंतीले पोपडे चांगले आहेत, टेस्टिंगले. आता याले शिवी द्यावी का चहा पाजावा?

मी म्हटलं, बावा, जुन्या लेन्समधी खोट काय आहे ते तरी सांग. तं म्हने, पूर्न उघडली का चेहऱ्यावर दुधासारखा हलकासा थर येते. सारं थोडं मऊ मऊ दिसते. चमकत्या वस्तूच्या काठाले जांभळी झाक येते. नव्या लेन्सनं तो सारा दोष काढून टाकला. पापनीचा एकेक केस मोजून घ्या, म्हने. मी म्हटलं, पापनीचे केस मोजनारा व्याही मले तं आजवर भेटला नाई. हसला नाई तो. लेन्सची गोष्ट असली का तो हसत नाई.

आता नुसतं वेड असतं तं पौर्णिमानं निभावून नेलं असतं. पन मधातच जाम गावचं लॉन आलं. त्याचं असं आहे, आंजीचे चंद्रभानजी, चांगले खाऊनपिऊन सुखी शेतीवाले. त्याईच्या पोरानं, गोपालनं, जामले हायवेच्या कडेले लगनाचं लॉन टाकलं. मोठं लॉन. मांडव, जेवन, डीजे, फोटोग्राफर, सारं एकाच पॅकेजमधी. पहिला फोटोग्राफर काम सोडून पुन्याले गेलता. तं गोपालनं अश्विनले बोलावलं अन् म्हटलं, माह्या बहिनीचं, अंकिताचं, लगन आहे याच लॉनवर. त्याचे फोटू तू काढजो. घरच्याईले पसंत पडले तं लॉनचे सारे लगनं तुहे. सारे! म्हनजे बारा महिने काम. दारोदार फिरनं बंद, 'भाऊ, काही कमी करा ना' ऐकनं बंद. हे असं दान रोज रोज पडत नाई, अश्विनलेबी समजत होतं.

पौर्णिमा हुशार. ती म्हने, "लॉन भेटल्यावर लेन्स घ्या. लेन्स घेतली म्हनून लॉन भेटत नाई." किती साधी गोष्ट! पन याच्या डोक्शात विटांची भिंत. म्हने, अशा लेन्सनं काढलेला फोटू पाहून कोनी नाई म्हनूच शकत नाई. गेला नागपूरले. बर्डीवरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात मलेबी नेलतं, दळन सोडून. तो दुकानदार काय गोड बोलते हो! लेन्स अशी दोन्ही हातानं काढली त्यानं डब्यातून, बाळंतिनीजवळून लेकरू घ्यावं तशी. "सर, ये लेन्स नहीं है, इन्वेस्टमेंट है." मी म्हटलं, भाऊ, इन्वेस्टमेंट आहे तं तूच ठेव ना, कायले इकून राह्यला? तं त्यानं माह्याकडं असं पाह्यलं का मी पायतान घालून देवळात शिरलो. जुनी लेन्सबी त्यानंच ठेवून घेतली, नव्याच्या भावातून थोडे कमी करून. इतके वर्स त्या लेन्सनं याचं घर चालवलं, अन् यानं साधं वळून पाह्यलं नाई.

घरी आल्या आल्या पहिला फोटू काढला हरिदासजीचा. खाटेवर झोपले होते. दाढीचा खुंट अन् खुंट दिसून राह्यलता, नाकावरचे छिद्रं दिसून राह्यलते. हरिदासजीनं उठून पाह्यलं, चश्मा लावून पुन्हा पाह्यलं, अन् विचारलं, हा माहा जिवंतपनीचाच फोटू आहे ना? मंग मायचा काढला, जिजाबाईचा. त्या किती वेळ पाहात बसल्या. मंग म्हने, ही म्हातारी कोन आहे? आजवर जुन्या लेन्समधी सून अन् सासू बहिनी दिसत होत्या, आता एका क्लिकमधी जिजाबाई आपल्याच सासूसारख्या दिसाले लागल्या. तेव्हाच समजाले पाह्यजे होतं अश्विनले. पन तो काय म्हने? "पाह्यलं काका, किती साफ!"

काच चांगली आहे. काचेले आपन नाव ठेवतच नाई.

लगनाच्या दिवशी लाइट धराले मले नेलं. मी लाइट धरतो सीझनमधी, चक्की पोरगा सांभाळते. गोरज मुहूर्त, दिवे लागनीची वेळ, लॉन असं सजवलं का डोळे दिपून गेले. पोरगी अंकिता म्हनजे काय, चंद्राची कोर. नर्सिंग शिकून राह्यलती, शेवटचं वर्स राह्यलतं. पोराकडले थांबाले तयार नव्हते, सासू बिमार, घरात कोनी पाह्यजे, तं चंद्रभानजीनं लगन आधी उरकून टाकलं. परीक्षेचं मंग पाहू म्हने. मंग म्हनजे कधी, हे कोनी विचारलं नाई, अन् विचारलं असतं तं सांगितलं कोनी असतं? हे सारं मले आचाऱ्याजवळ समजलं. लगनाची खरी बातमी आचाऱ्याजवळच राह्यते.

अश्विनले काही मालूम नाई. तो आपला फोटूत गुंग. अन् लेन्स पूर्न उघडून ठेवली त्यानं, अख्खं लगन वन पॉइंट फोरवर! मी म्हटलं, बे, थोडी बंद करत जा, जुनीलेबी करत होता. म्हने काका, उघडी ठेवाचेच तं पैसे दिले. हे घ्या! म्हनजे पंख्याले पैसे दिले म्हनून थंडीतबी पंखा लावाचा.

आता इथं कांड काय झालं ते ऐका. आमच्या इकडं लगन नवरा-नवरीचं असते असं तुम्हाले वाटत असन तं ते चूक आहे. लगन असते जवाईचं. घरचे जेवढे जुने नवे जवाई, त्याईले बोलावून, टिळा लावून, दुपट्टा देऊन मान करा लागते, अन् त्या मानाचा फोटू पाह्यजे म्हनजे पाह्यजेच. नवरीचे चार फोटू कमी पडले तं चालते. चंद्रभानजीच्या बहिनीचे मालक, त्याईले सारा गाव जवाईबापू म्हनते. साठी उलटली, स्वतःले जवाई झाले, पन या घरात अजून जवाईच. मागच्या पोळ्याले सांगावा उशिरा आला म्हनून रुसून बसले होते, मोठ्या मिनतवारीनं लगनाले आलते. चंद्रभानजीनं दोन्ही हातानं त्याईले दुपट्टा दिला. अन् आमच्या कलाकारानं फोकस कायवर लावला? दुपट्ट्यावर! काठाचा एकेक धागा साफ. चंद्रभानजीच्या बोटातली अंगठी साफ. अन् मागं जवाईबापू म्हनजे नुसता गुलाबी फेटा अन् धुकं. मिशा आहेत एवढं अंदाजानं समजे.

मले तेव्हा हे मालूम नाई, मी लाइट धरून उभा. मंग मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरलेला, इकडं अंकिता, हातात हार. अश्विन एकदम समोर बसला, गुडघ्यावर. मले हातानं खूण केली, लाइट थोडा खाली. एक फोटू काढला. मंग कॅमेऱ्याच्या मागं पाहात राह्यला. एरवी हा फोटू चांगला आला का मले दाखवते, 'काका पाहा' म्हनते. त्या वेळेस नाई दाखवला. मी विचारलं का रे, हालला का? म्हने नाई, हालला नाई. बस.

घरी पौर्णिमानं सारे फोटू कॉम्प्युटरवर टाकले. अन् पाहाता पाहाता थांबली. माह्यासमोरच म्हने, "अहो, हिचा एकबी हसरा नाई." पुन्हा पहिल्यापासून पाह्यले दोघाईनं. हळदीपासून बिदाईपर्यंत. ओठ हसलेले होते, तसं नाई. 'स्माइल प्लीज' म्हटलं का सारेच ओठ ओढतात. पन ती काच अशी का ओठावर थांबतच नाई हो! थेट डोळ्यात जाते. पापनीचा एकेक केस मोजून घ्या, अन् पापनीखाली काय आहे तेबी पाहून घ्या. तो अंतरपाटाजवळचा फोटू तं मले पाहावला नाई. पोरगी समोर पाहून राह्यली अन् तिले काही दिसून नाई राह्यलं, असा चेहरा. गाडी निघून गेल्यावर फाट्यावर उभं राह्यलेलं मानूस पाह्यलं ना तुम्ही? तसा.

तेव्हा माह्या ध्यानात आलं. आजवर अश्विननं एवढ्या नवऱ्याईचे फोटू काढले, साऱ्या सुखी दिसत होत्या. साऱ्या! मी म्हनत होतो, आपल्या जिल्ह्यातल्या पोरी किती खुशीनं लगन करतात. त्या कायच्या खुशीनं? तो जुन्या लेन्सचा दुधाचा थर होता. ज्याले कंपनीनं खोट म्हटलं, त्याचेच लोक पैसे देत होते, अन् यानं ती खोट काढून टाकाले आपले पैसे दिले.

बरं, अश्विनचं मन काय म्हने? त्याले दोन्ही वाटून राह्यलं. एकीकडं म्हने, काका, असा फोटू माह्या हातून कधी झाला नाई, पुन्हा होनार नाई. अन् दुसरीकडं लॉन. शेवटी म्हने, घरचेच लोक आहेत, पोरीचा चेहरा त्याईलेबी समजत असन. खरी गोष्ट पाहून कोनी वाईट मानत नाई. पौर्णिमानं नुसतं आपल्या लॅपटॉपचं चार्जर बॅगमधी टाकून देलं, तिले मालूम होतं, लवकर निपटनार नाई.

अश्विन अन् मी आंजीले फोटू निवडाले गेलो. मोठी बैठक, चंद्रभानजी, गोपाल, अंकिताची माय आनंदाबाई, दोनचार पाव्हने, अन् मधोमध जवाईबापू, पानसुपारी घेऊन. पोह्याच्या प्लेटा आल्या. लॅपटॉप टीव्हीले लावला. पहिले सारे खुश. वा, वा, काय साफ आहे. मंग आला दुपट्टा.

जवाईबापूनं सुपारी चघळनं थांबवलं. मले वाटलं, जमीन दुभंगली तं बरं. ते अश्विनले म्हने, "तुले कोनी सांगितलं, मले धुकट कराले?" अश्विन बिचारा समजवाले गेला का जवाईबापू, यात लेन्सची डेप्थ असते, मागचं धुकट येनं यालेच पैसे लागतात. हे काय सांगाची गोष्ट आहे? "म्हनजे पैसे भरून मले पुसलं म्हनता?" असं म्हनून जवाईबापू उभे राह्यले. मंग पोळा निघाला. मंग पोळ्याच्या आधीचंही काही काही निघालं. मागच्या पंक्तीत त्याईले जिलेबी दुसऱ्यांदा नव्हती वाढली, तेबी निघालं. अन् साऱ्याले पुरावा काय, तं हा फोटू! चंद्रभानजी हात जोडून उभे, गोपाल दात खाऊन अश्विनकडं पाहून राह्यलेला, अन् टीव्हीवर चार फूट लांब दुपट्टा, धागा अन् धागा साफ.

शेवटी ठरलं, जवाईबापूले तोच फेटा बांधून पुन्हा बसवाचं, फोटू काढाचा अन् जुन्या फोटूत चिकटवाचा. ते निवले. प्लेटा पुन्हा भरल्या. मले वाटलं, सुटलो बावा. तं पुढचा फोटू आला. अंकिताचा. अंतरपाटाजवळचा.

पोरीचा चेहरा भिंतीएवढा मोठा, अन् काही लपवाले जागाच नाई. आनंदाबाई उठल्या, पाव्हन्याच्या प्लेटा गोळा केल्या, अजून अर्धे पोहे होते त्यात, अन् आत निघून गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाई. चंद्रभानजी खाली सतरंजीकडं पाहात होते. मंग ते म्हने, आवाज एकदम हळू, "हिले थोडं हसवून दे बाबू. तिचे सासरचे पाह्यतीन अल्बम."

अश्विननं गोपालकडं पाह्यलं. गोपाल म्हने, मोबाइलमधी तं होते ना आजकाल सारं. एवढी महागाची लेन्स आहे तुही, अन् एक हसी लावता येत नाई?

घ्या! हे भेटलं महागाच्या लेन्सले बक्षीस. मले राग असा आला का म्हनावं, हसी लगनाच्या आधी लावाची होती, फोटूत कायले लावता? पन मी चक्कीवाला, लाइट धराले गेलेला, मले कोन विचारते? अन् खरं सांगू, पोटात पोहे त्याईचेच होते. अश्विननं मान हलवून लॅपटॉप मिटवला. लॉन होतं ना मधात.

मंग अश्विन अन् पौर्णिमा, दोघाईनं घरी बसून ते काम केलं. कॉम्प्युटरमधी म्हनते एक पट्टी असते, ती सरकवली का ओठाचे कोपरे वर जातात. सरकवली. ओठ हसले, डोळे नाई हसले. अजून सरकवली, तं पोरगी भुतासारखी दिसाले लागली. पौर्णिमा म्हने, अहो, डोळ्यामुळं होऊन राह्यलं हे, डोळे लय साफ आहेत. मंग काय केलं याईनं? डोळे पुसले. पापन्या पुसल्या. चेहऱ्यावर दुधाचा थर दिला, अस्सा पातळ, जुन्या लेन्सचा असे तस्सा. कोपरे मऊ केले. म्हनजे समजलं का तुम्हाले? कंपनीनं जे जे काढून टाकलं म्हनून यानं दुप्पट पैसे दिले, ते सारं यानं आपल्या हातानं वापस टाकलं! मी मागं उभं राहून पाहात होतो. अश्विनचा हात चालून राह्यलता, पन तोंडाकडं पाहावत नव्हतं. आपलंच पोट्टं आपल्याच हातानं शाळेतून काढून आनावं, तसं तोंड.

काच चांगली आहे हो. कोन नाई म्हनते?

अल्बम पसंत पडला. पसंत म्हनजे काय, चंद्रभानजीनं गावात दाखवला. जवाईबापू पूर्न एक पान भरून आहेत, नवरदेवापेक्षा मोठे, मिशीले पीळ दिलेला. लॉन भेटलं अश्विनले. गोपालनं हात मिळवला अन् म्हटलं, पाह्य, तुले येते ना!

अन् मंग पोळ्याले अंकिता माहेरी आली. अल्बमची दुसरी प्रत तिच्या सासरी द्याची होती, ती घेऊन अश्विन अन् मी आंजीले गेलो, मोटरसायकलवर, अल्बम माह्या मांडीवर. पोरगी ओसरीत बसून होती. वाळली होती थोडी. तिनं अल्बम उघडला अन् एकेक पान सावकाश पाह्यलं. त्या पानावर आली. थांबली. किती वेळ पाहात होती. बोट फिरवलं तिनं आपल्याच तोंडावरून, फोटूतल्या. मंग वर पाह्यलं अन् अश्विनले विचारलं, "दादा, मी हसलती का त्या दिवशी?"

दारात आनंदाबाई उभ्या होत्या, पानी घेऊन. त्या तिथंच थांबल्या. अश्विननं त्याईच्याकडं पाह्यलं नाई. माह्याकडं पाह्यलं नाई. म्हने, "हाव, हसलती."

"बरं झालं," म्हने ती. "मले वाटलं, नाईच हसली मी."

अन् अल्बम मिटवून तिनं मायजवळ देला.

येताना घराजवळ आल्यावर मले राहावलं नाई. मी म्हटलं, बे अश्विन, लॉन भेटलं, काम भेटलं, लेन्सचे पैसे वसूल होतीन का नाई? म्हने, होतीन काका. मी म्हटलं, मंग तोंड काऊन असं करून राह्यला? तं त्यानं गाडी स्टँडवर लावली, अन् आत निघून गेला.

आता बारा महिने जामले लगनं आहेत. हा जाते, त्याच लेन्सनं असे साफ फोटू काढते का नवरीच्या मनातलं दिसावं, अन् मंग नवरा-बायको बसून पुसत बसतात. एकेक डोळा पुसतात. गाळा नाई, सुट्टी नाई, हरिदासजी मोजे घालून खाटेवर. परवा मलेच पाहावलं नाई. मी म्हटलं, अबे बह्याडा, पुसाचंच आहे तं ती जुनी लेन्स घेऊन ये ना वापस. अर्ध्या किमतीत भेटन, दुधाचा थर आपसूक येईन, पौर्णिमाची मान तरी मोडनार नाई कॉम्प्युटरवर. तं माह्याकडं पाह्यलं त्यानं, अन् म्हने, "नाई जमत काका. गोपालनं पॅकेजमधी गिऱ्हाईकाले नव्या लेन्सचे जास्तीचे पैसे लावले आहेत."